बेंडकुळे अण्णांचं इनवर्ड

आमच्या घरकुलांच्या गेटात पाण्याचा टँकर आला की आधी दोन माणसं ते पाणी प्यायची. एक टँकरचा ड्रायव्हर आणि दुसरे बेंडकुळे अण्णा. मग दोघं गेटाशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अर्धा तास समोरासमोर बसायचे. टँकर उभा, खालची टाकी कोरडी, चारही इमारतींच्या गॅलऱ्यांमधून बाया वाकून विचारतायत, "अण्णा, झालं का?" आणि अण्णा घड्याळाकडे बघत म्हणतायत, "माल इनवर्डला आहे. थांबा." अर्धा तास उलटला, दोघंही खुर्चीवर शाबूत आहेत अशी खात्री पटली, की अण्णा हिरव्या खडूनं टँकरवर 'ओके' लिहायचे आणि मग पाइप टाकीत सोडला जायचा.

नवीन माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. जुन्या माणसालाही तसंच वाटायचं, पण तो सवयीनं बोलायचा नाही. मी बोलायचे. मी सोसायटीची खजिनदार. सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला आहे, दहावी पास आहे, आणि 'सुनंदाबाई पैसे खात नाही' यावर सगळ्यांचं एकमत झालं म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात पडलं. अण्णा सेक्रेटरी. म्हणजे खरेदी त्यांची आणि लोकांशी भांडण माझं.

नाल्याकाठची आमची वस्ती उठवून सरकारी योजनेत ही घरं मिळाली. घराची किल्ली हातात आली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. घर मिळतं, पण ते चालवायला दर महिन्याला पैसे लागतात, हे पेढे खाताना कुणी सांगितलं नाही. पंपाची वीज, जिन्यातले दिवे, झाडलोट, गटार उपसणं, टाकी धुणं, सगळं आमचं आम्ही बघायचं. राहणारे कोण, तर धुणीभांडी करणाऱ्या बाया, भाजीच्या हातगाड्या लावणारे, अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणारे. वर्गणी पन्नास रुपयांनी वाढवायची म्हटलं तरी माझ्या दारात मोर्चा. त्यात आमच्या टोकाला नळाला पाणी कमी, उन्हाळ्यात तर नळ नुसता खोकतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण बहुतेक आमच्याच गल्लीत बसून कुणीतरी केली असावी. म्हणून टँकर.

अण्णा अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इनवर्ड इन्स्पेक्शनला होते. बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेला माल गेटात तपासायचा, बरा असला तर आत घ्यायचा, नसला तर त्याच गाडीतून परत पाठवायचा, एवढंच काम. माणूस रिटायर झाला, काम काही अंगातून गेलं नाही. "सुनंदाताई, गेटात अडवलं की आत शांतता," हे वाक्य मी दिवसातून तीनदा ऐकायचे. नवऱ्याचा आवाज तेवढा ऐकला नसेल.

खरेदीचा त्यांचा नियम एकच. जो विकतो, त्यानं आधी स्वतः वापरून दाखवायचं. झाडू विकायला आलेल्यानं चार मजले झाडून दाखवायचे. फिनेलवाल्यानं स्वतःच्या हातानं फडका पिळायचा. प्रजासत्ताक दिनाला जिलबी आणली, तर हलवायाला झेंड्याखाली उभं करून दोन वेढे खायला लावले, तो म्हणाला, "मला शुगर आहे," तर अण्णा म्हणाले, "मग तुमच्या मुलाला बोलवा."

सगळ्यात हाल झाले ते रंगाऱ्याचे. त्यानं दोन नंबरच्या इमारतीचा जिना रंगवला आणि बिल घ्यायला आला. बिल घ्यायचं म्हणून नवा पांढरा शर्ट घालून आला होता बिचारा. अण्णांनी विचारलं, "वाळला का?" तो म्हणाला, "कालच वाळला." अण्णा म्हणाले, "मग टेका." माणूस हसला. अण्णा हसले नाहीत. शेवटी टेकला आणि पाठीवर आमचा जिना घेऊन घरी गेला. पुढच्या खेपेला त्यानं असा रंग दिला की आजही नखानं निघत नाही, हेही सांगायला पाहिजे.

तीन कोटेशनं मागवायची पद्धत मीच सुरू केली. अण्णा ती पाकिटं घेत, चष्म्यावरून बघत आणि बाजूला ठेवत. "ह्याच्यावर आकडा आहे ताई, माणूस कुठाय?" असं विचारत. माझा संताप व्हायचा. मी म्हणायचे, "अण्णा, वर्गणी आकड्यातच गोळा होते."

हे असं वागण्यामागे काहीतरी दुःखाची कहाणी असणार, असं मला बरीच वर्षं वाटायचं. बायको खराब पाण्यानं गेली असेल, लहान मूल दगावलं असेल. एकदा धीर करून विचारलं. "छे हो," अण्णा म्हणाले, "तिला हार्टचा त्रास होता. आणि मुलगी सुरतेला आहे, चांगली ठणठणीत." तेव्हा कहाणी वगैरे काही नव्हती. माणूस मुळातच तसा होता.

एकदा मात्र मला वाटलं, आज म्हातारा सापडला. आमच्या कंपनीत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं, तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी सहज विचारून आले होते. संध्याकाळी गेटावर टँकर आणि दोन्ही खुर्च्या होत्याच. मी चार बायांसमोर म्हटलं, "अण्णा, खराब पाणी पोटात गेलं तर त्रास व्हायला दिवस-दोन दिवस लागू शकतात. तुमच्या अर्ध्या तासात काय कपाळ कळणार?"

"माहीत आहे मला," अण्णा शांतपणे म्हणाले.

टँकर रिकामा होऊन गेल्यावर त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, "ताई, पाण्याकडे बघून मला काय कळणार? मी पाणी तपासतच नाही. मी ड्रायव्हर तपासतो. पाणी कुठे भरलं ते त्याला माहीत असतं. चांगल्या विहिरीचं असलं की उन्हातून आलेला माणूस गटागटा पितो. गडबड असली की ग्लास तोंडाजवळ नेऊन थांबतो. एवढंसं. बघणाऱ्यालाच दिसतं. आणि अर्धा तास बसवतो, कारण मनात खोट असलेला माणूस खुर्चीवर टिकत नाही. फोन काढतो, घाई करतो, दुसरी खेप आहे म्हणतो." अशा पद्धतीनं चार उन्हाळ्यांत त्यांनी दोन टँकर परत पाठवले होते. एका ड्रायव्हरनं तर घोट न घेताच ग्लास जमिनीवर ओतला होता.

"ते ठीक आहे," मी म्हटलं, "पण मग तुम्ही कशाला पिता? तुमचं काय तपासायचंय?"

मी काहीतरी अडाणीपणाचं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गेटात आलेल्या माणसाला एकट्याला प्यायला लावायचं? तो काय उंदीर आहे का?"

त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा कमी केली. बंद नाही केली.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र चेष्टेचं काही राहिलं नाही. आमचा जुना टँकरवाला दिंडोरी रोडकडचा, स्वतःच्या द्राक्षबागेच्या विहिरीचं पाणी द्यायचा. भला माणूस. त्यानं सीझनमध्ये दोनदा भाव वाढवला आणि दोन्ही वेळा स्वतः येऊन, हात जोडून सांगून गेला. डिझेल वाढलं, विहिरीचं पाणी खाली गेलं, तो तरी काय करणार. पंपाचं बिलही वाढलेलं. जिन्याखाली मीटिंग झाली. वर्गणी वाढवावी लागेल म्हटल्यावर कुणी ओरडलं नाही. सगळे नुसते गप्प बसून राहिले, आणि त्या गप्प बसण्याचीच मला भीती वाटली. ओरडणारा माणूस शेवटी पैसे देतो. गप्प बसणाऱ्याकडे नसतात.

मी तीन कोटेशनं आणली. सगळ्यात स्वस्त होता अंबडकडचा एक टँकरवाला. जुन्यापेक्षा बराच कमी.

"स्वस्त का आहे?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, तुम्ही सांगा, वाढीव वर्गणी कुणाच्या चुलीतून काढू?"

अण्णांनी उठून चपला घातल्या. माझ्या स्कूटीवर मागे बसून विहीर बघायला आले. टँकरवाल्या शेठनं विहीर दाखवली, बांधीव, स्वच्छ, वर जाळी. अण्णांनी तिथेही त्याला ओंजळभर प्यायला लावलं. तो मजेत प्यायला. परत येताना मी म्हटलं, "झालं समाधान?" अण्णा म्हणाले, "विहीर चांगली आहे. पण विहीर आपल्या गेटात येणार नाही. ड्रायव्हर येणार आहे."

ड्रायव्हर आला तो काशिनाथ. पेठच्या पुढच्या डोंगरातला, चाळिशीतला, काटकुळा माणूस. अण्णांनी ग्लास पुढे केला, त्यानं एका दमात संपवला, बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "गोड हाय." अण्णांचा चेहरा उजळला. मुलगी बघायला जावं आणि पहिलंच स्थळ पसंत पडावं तसे दिसत होते.

मग तो अर्धा तास वाढत गेला. पाऊण तास, कधी तास. ओके लिहून झालं, टँकर रिकामा झाला, तरी दोघं बसलेले. नागली कधी पेरतात, भात कधी लावतात, सगळी चौकशी. काशिनाथची मुलगी आश्रमशाळेत होती आणि बायको गावी घर सांभाळत होती. हा टँकरच्या यार्डात गाडीखाली अंथरूण टाकून राहायचा आणि महिन्यातून एकदा घरी जायचा. पगार खेपेवर. खेप परत आली तर तिचे पैसे नाहीत, वर डिझेल त्याच्याकडून कापायचे. हे त्यानं एकदा माझ्यासमोरच अण्णांना सांगितलं, तक्रार म्हणून नाही, पावसापाण्याचं बोलावं तसं.

अण्णा त्याच्यासाठी भाकरी करायला लागले. अण्णांची भाकरी मी खाल्लेली आहे. कारखान्यात अशी वस्तू आली असती तर त्यांनी स्वतःच परत पाठवली असती. काशिनाथ मुकाट्यानं खायचा आणि "झ्याक झालीय" म्हणायचा. टँकर एक दिवसाआड यायचा. ज्या दिवशी यायचा नाही त्या दिवशीही अण्णा संध्याकाळी गेटाशी खुर्ची टाकून बसलेले दिसायचे. मी एकदा विचारलं, "आज कोणाचं इनवर्ड?" तर म्हणाले, "वारा घेतोय." गेटाशी कचऱ्याची पेटी आहे. तिथे वारा घ्यायला कुणी बसत नाही.

मे संपत आला तेव्हा दोन दिवस नळ आला नाही. टाकीत खडखडाट. तिसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. मला दुसरी पाळी होती, मी डबा भरता भरता गॅलरीतून खाली बघितलं. काशिनाथ प्यायला, अण्णा प्यायले, दोघं बसले. त्या दिवशी बोलत नव्हते, एवढं मला वरून दिसलं. ऊन फार आहे म्हणून असेल, असं वाटलं. अर्ध्या तासानं अण्णांनी ओके लिहिलं. चारही इमारतींत बादल्यांचा आवाज सुरू झाला आणि मी निश्चिंत मनानं कामावर गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन नंबरच्या इमारतीत एकाला उलट्या सुरू झाल्या. मग त्याच मजल्यावर आणखी दोघांना. सकाळपर्यंत अकरा माणसं सरकारी दवाखान्यात होती, त्यात एक सहा महिन्यांची गरोदर पोर. बारावे अण्णा. टाकी ओतून टाकली, चुना मारला, जुन्या टँकरवाल्याचे पाय धरले. शेठचा फोन आधी बंद, मग लागला तर म्हणतो, "आमचं पाणी शंभर टक्के शुद्ध असतं." मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या पॅकिंगमध्ये शिकलेल्या होत्या, इथे लिहिता येणार नाहीत. पण त्या अर्ध्या मलाच होत्या. कोटेशन मी आणलं होतं.

अण्णा सलाईन लावून पडलेले. मी जवळ गेले तर डोळे उघडून एकच प्रश्न, "काशिनाथ कुठाय?"

मी वैतागले. "इथे आपली अकरा माणसं पडलीत आणि तुम्हाला त्या ड्रायव्हरचं पडलंय?"

मी खाली औषधं आणायला गेले, परत येते तो पलंग रिकामा. अण्णा सलाईनची बाटली स्वतःच्या हातात उंच धरून दोन जिने चढून गेले होते. काशिनाथ वरच्या वॉर्डात आहे, हे त्यांनी नर्सकडून काढलं होतं. यार्डात टँकरच्या सावलीत दीड दिवस पडून होता, 'बरं वाटत नाय' एवढंच म्हणत होता. उभं राहता येईना तेव्हा दुसऱ्या ड्रायव्हरनं रिक्षात घालून आणलं. त्यानं अण्णांना सांगितलं की दाखवलेली विहीर आटली होती आणि शेठनं कारखान्यांच्या मागच्या नाल्याकडेच्या विहिरीवर टँकर भरायला पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी काशिनाथ गेला.

आमची सगळी माणसं घरी आली. ती पोर आणि तिचं बाळ दोन्ही सुखरूप. वर्गणी वाढली आणि लोकांनी ती निमूट भरली. तक्रार दिली, जबाब झाले. तो टँकर आता दुसऱ्या नावाची पाटी लावून दुसरीकडे फिरतो.

काशिनाथचं तेरावं झाल्यावर अण्णा म्हणाले, "त्याच्या घरी जाऊन येतो." अंगात ताकद नव्हती, चालताना भिंत धरत होते. एकट्याला कसं सोडणार, म्हणून मी रजा टाकून बरोबर निघाले. पेठपर्यंत एसटी, पुढे जीप, मग पायी चढ. सांत्वनाचं काय बोलायचं ते मी वाटभर मनात जुळवत होते.

काशिनाथची बायको शिडीवर चढून घराची कौलं परतत होती. पाऊस तोंडावर आलेला, ते काम थांबत नाही. आम्हाला बघून खाली उतरली. मी ओळख सांगितली, तशी ती अण्णांकडे बघून म्हणाली, "तुमी ते भाकरीवाले अण्णा. सांगायचे ते."

तिनं घोंगडी टाकली. अण्णा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "बाई, त्या दिवशी काशिनाथ ग्लास तोंडाजवळ नेऊन थांबला होता. मला दिसलं."

मला आधी कळेचना ते काय बोलतायत.

"मी टँकर परत पाठवायला पाहिजे होता," अण्णा म्हणाले. "एकतीस वर्षं मी तेच करत आलो. पण परत पाठवला असता तर त्याची खेप गेली असती. वर डिझेल कापलं असतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि प्यायला. मग मीपण प्यायलो. आणि ओके लिहिलं."

माझ्या अंगाची आग झाली. अकरा माणसं, ती गरोदर पोर, सगळं डोळ्यांपुढे आलं. ह्या माणसाला माहीत होतं. माहीत असून पाइप टाकीत सोडला. तिथेच त्यांना टाकून निघून जावं असं वाटलं. पण स्वस्ताचं पाकीट कुणी आणलं होतं, तेही मला माहीत होतं, म्हणून कुणाला बोलायला माझी जीभ उचलेना.

त्या बाईनं शिडीशी पडलेलं एक कौल उचलून हळूच भिंतीला टेकवून ठेवलं.

"खेप गेली असती तर घरी आले असते," ती म्हणाली. "शेठ पैसे कापायचा तेव्हा रागानं निघून यायचे असे. दोन दिवस राहायचे."

अण्णा तिथेच अंगणात मातीत बसले, आणि त्यांना उठवायचा मला धीर झाला नाही.